हिरव्या सुताची कांडी

मुक्ता आणि निखिल,

या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी माझ्याकडे नोकरीतल्या आठवणी मागितल्या, त्याच आठवड्यात मुक्ताचं टोरांटोहून पत्र आलं. ती हल्ली दर रविवारी तिथल्या एका बौद्ध मठात जाऊन डोळे मिटून बसते. दुःखाचं मूळ तृष्णेत आहे असं तिथले गुरू सांगतात. मुक्ता विचारते, ‘आजी, म्हणजे सुखी व्हायचं तर काहीच हवंसं वाटायला नको का? मग माणसानं जगायचं कशासाठी?’

संपादकबाईंना आणि तुम्हाला वेगवेगळं लिहिण्याइतके माझे डोळे आता चांगले राहिले नाहीत. म्हणून एकाच लेखात दोन्ही कामं उरकते. अंक आला की तुम्हाला पाठवीन. निखिलचं मराठी कच्चं आहे, त्याने मुक्ताकडून वाचून घ्यावा. इंग्रजीत लिहिलं असतं तर त्याची सोय झाली असती. पण ज्या बायकांविषयी लिहायचं आहे त्या माझ्या कागदावर इंग्रजी बोलू लागल्या की मला हसू आवरत नाही.

मुक्ताचा प्रश्न मीही एकदा विचारला होता, जवळजवळ याच शब्दांत. तेव्हा मी तिच्याच वयाची होते आणि सोलापूरच्या एका कापड गिरणीत पाळणाघर सांभाळत होते. एकोणीसशे तीस सालाच्या आगेमागेची ही गोष्ट आहे.

आधी जागा दाखवते. गिरणीच्या आवारात, सूतखात्याच्या मागे, पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली होती. भिंतींना चुना. मधोमध दोन लोखंडी नळ्या आडव्या टाकलेल्या आणि त्यांना गिरणीच्याच मांजरपाटाच्या झोळ्या बांधलेल्या. एका झोळीत एक मूल. त्यांच्या आया पलीकडच्या वाइंडिंग खात्यात काम करत. वाइंडिंग म्हणजे मोठ्या गुंड्यांवरचं सूत लहान कांड्यांवर भरायचं, धागा तुटला की गाठ मारायची, पुन्हा यंत्र चालू करायचं. दिवसभर हेच. आवाज इतका की शेजारणीशी बोलायचं तर तोंड कानाला लावावं लागे. मी मॅट्रिक होऊन मिरजेला परिचारिकेचं शिक्षण घेतलं होतं, म्हणून सगळ्या मला नर्सबाई म्हणत. माझ्या मदतीला हलीमा नावाची बाई होती. ती दखनी बोलायची, मी मराठी, आणि मुलांना दोन्ही सारखंच कळायचं, म्हणजे काहीच नाही.

त्या खोलीची ख्याती तिच्या शांततेबद्दल होती. मॅनेजरसाहेबांच्या पत्नी पाहुण्यांना मुद्दाम घेऊन येत. झोळ्यांतली मुलं गाढ झोपलेली. ‘किती गुणी मुलं आहेत,’ असं पाहुणे म्हणत आणि बाई माझ्याकडे पाहून हसत. माझ्या मनात मात्र नोकरी धरल्यापासून शंकेची पाल चुकचुकत होती. मिरजेच्या दवाखान्यात मी मुलांच्या खोलीत काम केलं होतं. तिथे एक झोपलं की दुसरं उठे. इथे कुणीच उठत नव्हतं. हलीमाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “बाईसाब, ये बच्चे सोते नै. पडे रहते.”

मी गिरणीच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. त्यांचं नाव सिद्रामप्पा. उमेदीची सगळी वर्षं ब्रह्मदेशात सरकारी दवाखान्यांतून काढून ते म्हातारपणी सोलापूरला परतले होते आणि नवी पेठेत एका माडीवर एकटेच राहत. गळ्यात लिंगायत घराण्यातलं इष्टलिंग होतं आणि टेबलावर मंडालेहून आणलेली बुद्धाची लाकडी मूर्ती. या दोघांचं जमतं का, असं कुणी खवचटपणे विचारलं तर म्हणत, “इतकी वर्षं एका खोलीत आहेत. अजून भांडण ऐकलं नाही.”

ते आले त्या दिवशी नेमक्या मॅनेजरबाई पाहुण्यांसह हजर होत्या. डॉक्टरांनी एका झोळीतल्या मुलीची पापणी वर केली आणि मला जवळ बोलावलं. खोलीत उजेड कमी, तेव्हा डोळ्यातली बाहुली मोठी व्हायला हवी. ती मोहरीहून बारीक होती. त्यांनी पुढच्या झोळीत पाहिलं, त्याच्या पुढच्या. मग ते बाईंकडे वळून अगदी नम्रपणे म्हणाले, “मॅडम, यांना जागं करायला थोडा वेळ लागेल. त्यानंतर आपल्याला आवाजाचा त्रास होईल. आधीच माफी मागून ठेवतो.”

ती अफू होती. सकाळी कामावर येण्याआधी आया मुलांना अफू चाटवत. कुणी गोळी उगाळून, कुणी करंगळीच्या वाढवलेल्या नखात कणभर धरून. मूल संध्याकाळपर्यंत गप्प. भूक मरते, पोट साफ होत नाही, अंग वाळत जातं. पण रडत नाही. चाळीत अशा मुलाला शहाणं म्हणत.

मी चिडले होते. दुपारी कडुनिंबाखाली चहा पिताना डॉक्टरांना म्हटलं की उद्या सगळ्यांना उभं करून खडसावते, आणि जी अफू देईल तिचं मूल घेणार नाही. डॉक्टर बशीतला चहा फुंकत राहिले. मग म्हणाले, “हे बघा नर्सबाई. रोग काय, तो कशामुळं झाला, बरा होण्यासारखा आहे का, आणि असल्यास उपाय काय. वैद्यानं हे चार प्रश्न विचारायचे. बुद्धानंही दुःखाला हेच चार विचारले. त्यात दुसरा प्रश्न गाळून चौथ्यावर उडी मारायची सोय नाही की.”

“कारण तर दिसतंच आहे. अफू.”

“छे. अफू हे त्या बायांनी शोधलेलं औषध आहे. तुम्ही त्यांचं औषध पाहिलंत. रोग कुठं पाहिलाय?”

मग ते म्हणाले की मीही अफू खाल्लेली आहे. ज्या सहजतेने माणूस ‘मीही पुण्याला राहिलो आहे’ म्हणेल त्याच सहजतेने म्हणाले. त्यांची पत्नी मंडालेला वारली आणि त्यानंतर ते दवाखान्यातल्याच बाटलीतून घेऊ लागले. एक म्हातारे भिक्खू पायाच्या जखमेला पट्टी करून घ्यायला येत, त्यांनी ओळखलं. ते ‘सोड’ म्हणाले नाहीत, पापपुण्याचं काही बोलले नाहीत. रोज पट्टी होईपर्यंत एवढंच विचारायचे, घेण्याच्या अगदी आधी काय होतं?

“आणि काय होतं?” मी विचारलं.

“संध्याकाळचं जेवण. दोन ताटांची सवय होती. वाढप्या एकच आणायचा.” त्यांनी बशी खाली ठेवली. “मी बायकोला परत मागत होतो, नर्सबाई. रोज, त्याच वेळेला. अफूनं ते मागणं थांबत नव्हतं. ऐकू येत नव्हतं, एवढंच. ज्या दिवशी ते धडधडीत ऐकलं, त्या दिवशी जेवलो, रडलो आणि झोपलो. बाटलीकडं गेलो नाही. दुसऱ्या दिवशी गेलो, पण तो पहिला दिवस विसरलो नाही.”

खडसावण्याचा बेत मी रद्द केला. त्याऐवजी, मूल सोडायला आलेल्या प्रत्येकीला मी जाताजाता विचारू लागले. का देतेस, असं नाही. कधी देतेस आणि त्याच्या आधी काय होतं? पहिल्यांदा बायका हसल्या, मग एकमेकींकडे पाहू लागल्या, मग बोलल्या. जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच निघालं. सकाळी अंगावर पाजून आणलेलं मूल दुपारच्या भोंग्याआधी भुकेनं रडणार. मध्येच जाऊन पाजायची परवानगी नाही. रडणं ऐकू आलं नाही तरी दूध आपोआप पाझरतं, चोळी भिजते, हात चुकतो, धागे तुटतात. त्यापेक्षा चाटवलेलं बरं.

म्हणजे रोग पाळणाघरात नव्हताच, वाइंडिंग खात्यात होता. त्या खात्यावर मँचेस्टरकडचा एक गोरा मास्तर होता. माझं शाळेत शिकलेलं इंग्रजी त्याला कळेना आणि त्याचं नाकातलं मला. पण तो ऐकून घेणारा होता. बायका वेळ काढत बसतील ही त्याची भीती होती. मी म्हटलं, सगळ्या एकदम येणार नाहीत. ज्या मुलाला भूक लागेल त्याचीच आई येईल. पण त्या आवाजात एकीला हाक कशी मारणार, हा त्याचा प्रश्न रास्त होता.

त्यावर आम्ही काढलेल्या युक्तीचा मला आजही अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही. रंगखात्यात वाया गेलेलं रंगीत सूत भरपूर पडलेलं असे. प्रत्येक मुलाच्या मनगटाला एका रंगाचा दोरा बांधला, तोच रंग आईच्या मनगटाला. त्या त्या रंगाची एकेक कांडी भरून खिळ्यावर टांगून ठेवली. मूल भुकेलं की हलीमा ती कांडी घेऊन खात्याच्या दारात उभी राही आणि हात उंच करी. पिवळी म्हटली की पिवळ्या दोऱ्याची आई उठणार. बोलणं नाही, घोळका नाही. मास्तरने मान डोलावली आणि हुकूम दिला.

हुकूम मास्तरचा, खातं मात्र कोंडाबाईचं. कोंडाबाई ही बायकांची नायकीण, म्हणजे त्यांच्यावरची मुकादम. कोणाला कामावर घ्यायचं, कोणाला घरी बसवायचं, हे तिच्या हातात. अंगाने दणकट, कपाळावर मोठं कुंकू, आणि जीभ अशी की रंगखात्यातले गडी तिला वळसा घालून जात. तिने मला पहिल्या दिवशीच ऐकवलं, “आमी काय पोरं वाडवली न्हाईत व्हय? करंगळीभर चाटवायचं, आईबी निवांत आन् पोरबी निवांत. तुमी शिकल्यालं लोक झोपल्याला उटवून रडवताय.” हलीमाने कांडी वर केली की कोंडाबाई नेमकी त्या वेळी छताकडे बघायची.

तरी काही बायका उठून येऊ लागल्या. अफू एकदम तोडायची नव्हती. तशाने मुलाचा जीव गेला असता. डॉक्टर ती पाण्यात पातळ करून थेंबांनी देत आणि हळूहळू थेंब कमी करत. आईने घरून नखात अफू आणून पुन्हा देऊ नये म्हणून आम्ही दारात हात धुवायला लावत असू आणि करंगळीचं नख कापत असू. झोळ्यांतून आवाज येऊ लागले. आधी कुरकुर, मग रडं. तुमचे आजोबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. ते म्हणत, “आमच्याकडची पार्सलं गप्प असतात, तुझ्याकडची ओरडतात. तक्रारी मात्र दोन्हीकडे सारख्याच.”

एकीच्या बाबतीत माझं सगळं निदान अडलं. तिचं नाव नागव्वा. माहेर मंद्रूपकडचं, घरात कानडी, बाहेर मराठी. तिची गौरी म्हणजे डॉक्टरांनी पहिल्या दिवशी जिची पापणी उचलली ती मुलगी. सगळ्या झोळ्यांत ती झोळी हलकी. नागव्वा सुट्टीच्या दिवशीही अफू द्यायची. दिवसभर मूल मांडीवर, अंगावर दूध, कामाची घाई नाही, तरी द्यायची. म्हणजे भूक हे तिचं कारण नव्हतं. आधी काय होतं, असं विचारलं की ती एवढंच म्हणे, “रडती की.” करंगळीचं नख तिने पदराखाली लपवलं आणि सांगितलं की आमच्यात ते कापत नाहीत.

मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, “धरून कापू नका. घरी दुसरं वाढेल. तिनं आपण होऊन हात पुढं केला पाहिजे.” मग खालच्या आवाजात सांगितलं की ही मुलगी अशीच गप्प राहिली तर पुढचा उन्हाळा पाहायची नाही.

थेंब कमी केले तशी गौरी रडू लागली. अफू सुटताना मूल भुकेच्या रडण्यासारखं रडत नाही. ते ताठ होतं, शिंकतं, जांभया देतं, घामेजतं आणि पुन्हा रडतं. एके दिवशी सकाळपासून ती थांबेचना. तिच्यामुळे बाकीची उठली. हलीमा हिरवी कांडी घेऊन दोनदा दारात जाऊन आली; हिरवा नागव्वाचा रंग. नागव्वाने पाहिलं, पण कोंडाबाई आडवी उभी.

दुपारचा भोंगा झाला आणि नागव्वा धावत आली. तिला चालत येताना मी कधी पाहिलंच नव्हतं. ती नेहमीच अशी धावायची, अनवाणी, केसांत कापसाचे तंतू, चेहरा पांढरा पडलेला. आल्याआल्या तिने गौरीला झोळीतून उचललं आणि करंगळी तिच्या ओठांकडे नेली. मी मध्येच तिचा हात धरला. तिने जोराने सोडवून घेतला.

“मला ही गिरणी नगं आन् तुमचा पाळणाबी नगं,” ती म्हणाली. “आईकडं मंद्रूपला घिऊन जाते. तितं कुनी रडवत न्हाई.”

मी दारात उभी राहिले. अडवायचा हक्क मला नव्हता, आणि ती गेली तर काय होणार हे माहीत होतं. मी एवढंच विचारलं की नागव्वा, तुला काय वाटतं, ती का रडते?

ती माझ्याकडे बघतच राहिली. असलं कसलं विचारणं, असं तिच्या तोंडावर होतं.

“मरायला लागलीया, बाई,” ती म्हणाली. “पयली दोन अशीच रडली आन् गेली.”

तिची आधीची दोन मुलं गेल्याचं मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

जेवणाची सुट्टी सरत आली होती. नागव्वा परत दिसेना म्हणून कोंडाबाई तिला न्यायला आली होती आणि माझ्या पाठीमागे उभी होती. ती काहीतरी लागट बोलायच्या बेतात असावी. पण नागव्वाचं वाक्य ऐकून थबकली. मग नायकिणीने कधी करू नये ते तिने केलं. पाळणाघराच्या उंबऱ्यावर बसली.

“खोटं बोलू नगं, नागे,” ती म्हणाली. “भिंतीला भिंत हाय आपली. तुजी दोनीबी गप गेली. हूं न्हाई का चूं न्हाई. रडत हुती तवर जित्ती हुती.”

नागव्वाने करंगळी मुठीत मिटून घेतली.

“मीच म्हनले हुते तुला, चाटव म्हनून,” कोंडाबाई म्हणाली. हे ती नागव्वाला सांगत होती की उंबऱ्याला, कळत नव्हतं.

गौरी रडतच होती. तोंड लाल, मुठी आवळलेल्या, टाचा झाडत होती. नागव्वाने खाली पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. इतके दिवस तिच्या मांडीवर एक मूल असलं तरी तिला दिसत होती ती दोन. मग ती भिंतीला टेकून बसली आणि तिने गौरीला पदराखाली घेतलं. गौरीने दूध ओढलं, सोडलं, रडली, पुन्हा ओढलं. भोंगा झाला. नागव्वा दचकून उठू लागली, तशी कोंडाबाई म्हणाली, “पिऊ दे. तुजं मशीन मी बगते,” आणि लुगडं झटकून निघून गेली.

पाजून झाल्यावर नागव्वाने मूल हलीमाकडे दिलं. मग माझ्यापुढे उजवा हात धरला, बाकीची बोटं मिटून, करंगळी तेवढी उभी. माझी कात्री उकळत्या पाण्यातून नुकतीच काढली होती. हात भाजत असतानाच मी ते नख कापलं.

त्यानंतर सगळं सोपं झालं असं समजू नका. गौरी आणखी कितीतरी दिवस रडली आणि नागव्वा कितीतरी दिवस धावत येत राहिली. पण कोंडाबाईने छताकडे बघणं सोडलं. उलट हलीमाचा हात वर व्हायचा अवकाश, ती त्या बाईच्या पाठीत धपाटा घालून तिला उठवू लागली. पुढे तिने आपल्या लेकीचं मूलही आमच्याकडे आणून ठेवलं आणि वर मलाच दटावलं, “ह्याला रडवा, पर जरा बेतानं.” मॅनेजरबाई पुन्हा पाहुणे घेऊन आल्या तेव्हा खोलीत असा कल्लोळ होता की त्या उंबऱ्यावरच थांबल्या आणि कानावर हात नेत म्हणाल्या की पूर्वी इथे किती शांतता होती. डॉक्टर म्हणाले, “मी माफी मागून ठेवली होती, मॅडम.”

त्याच सुमाराला मी त्यांना मुक्ताचा प्रश्न विचारला. तुमचा बुद्ध म्हणतो तृष्णा सोडा. मग पोर जगावी असं आईला वाटणं ही तृष्णाच ना? तीही सोडायची?

डॉक्टर म्हणाले, “गौरी जगावी असं वाटतं म्हणून ती कामाला येते, पाजते, नख कापून घेते. ते सोडायला तिला कुणी सांगितलंय? बुद्धानं बाणाची एक गोष्ट सांगितली आहे. एक बाण लागतो तो सगळ्यांनाच लागतो. अंग आहे तर दुखणारच. दुसरा बाण माणूस आपण होऊन त्याच जागी मारून घेतो. पोर रडते, हा पहिला. ‘गेलेली दोन परत यावीत’ हे मागणं, हा दुसरा. ते मागणं आता कोण पुरवणार, सांगा की? कुणी पुरवू शकत नाही, म्हणून ती ते अफूनं गप्प करत होती. आणि अफू जात होती तिसरीच्या तोंडात.”

“मग सुख कशात?”

“मला काय ठाऊक. मी डॉक्टर आहे,” ते म्हणाले आणि हसले. “पण मी दोन ताटं मागणं सोडलं, तेव्हा समोरच्या एका ताटातल्या भाकरीला चव आली. एवढं मात्र झालं.”

माझ्या हातून सगळ्या मुलांचं भलं झालं नाही, हेही लिहून ठेवते. काही आयांना रडणं सोसलं नाही आणि त्या मुलं घेऊन गेल्या; त्यांचं पुढे काय झालं मला कळलं नाही. अफूचं दुकान होतं तिथेच राहिलं. दुसऱ्या गिरण्यांतून पाळणाघरंही नव्हती, कांड्या कुठल्या! डॉक्टरांना त्या म्हाताऱ्या भिक्खूंचं नाव विचारायचं राहून गेलं, ते आता कुणाला विचारणार? या गोष्टी आठवल्या की दुखतं. पहिला बाण दुखणारच, असं म्हणून मी चष्मा पुसते आणि पुढचं काम घेते.

मुक्ता, तुझ्या गुरूंच्या पायरीवर बसून बोलण्याइतकं ज्ञान मला नाही. सुख मी एकदाच अगदी जवळून पाहिलं, ते सांगते आणि थांबते.

पुढच्या हिवाळ्यात गौरी भिंत धरून चालू लागली होती. गाल भरले होते, आणि आवाज असा की कोंडाबाई म्हणे, ही नायकीण होणार. एका सकाळी तिला सर्दी झाली, नाक चोंदलं आणि तिने रडून खोली डोक्यावर घेतली. हलीमा हिरवी कांडी घेऊन निघाली. मला मास्तरकडे काम होतं, म्हणून मीही तिच्या मागून गेले आणि खात्याच्या दाराशी उभी राहिले.

हलीमाने हात उंच केला. पलीकडच्या ओळीतून नागव्वाने मान वर करून पाहिलं. मी सवयीने बाजूला सरकले, ती धावत येईल म्हणून. ती आली नाही. तिच्या यंत्रावर एक धागा तुटला होता. तिने दोन्ही टोकं धरली, गाठ मारली, शेपूट तोडलं, बोट फिरवून गाठ पाहिली. शेजारणीच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. मग केसांतले कापसाचे तंतू झाडत, दोन ओळींमधल्या वाटेने ती चालत आली.

हलीमा कांडी धरलेला हात खाली घ्यायला विसरली. “बाईसाब,” ती मला म्हणाली, “आज दौडी नै.”

नागव्वा दाराबाहेर आली, जिथे माणसाचा आवाज ऐकू येतो तिथे. आतून गौरीचं रडं येतच होतं. ती क्षणभर थांबून ते ऐकत राहिली, आपल्या ओळखीचं काही कानावर यावं तशी.

“रडतीया नव्हं?” ती मला म्हणाली. “आले की.”